गाडीला उलट्या

गाडी वाचली. पाच वाजून बारा मिनिटांनी भंगारवाला आपला हूक घेऊन आल्या वाटेने परत गेला.

वरची दोन वाक्यं मी लिहिलेली नाहीत. तुम्हीही ती वाचलेली नाहीत. आत्ता सकाळचे अकरा वाजलेत, गाडी वाचणार की नाही हे घरात कोणालाच माहीत नाही, आणि तुम्हाला तर अजिबात नाही. चेहरा तसाच ठेवा, म्हणजे मला नीट सांगता येईल.

तर सकाळचे अकरा. रविवार. बाबा बॉनेटमध्ये कमरेपर्यंत गेलेले, मी टॉर्च धरून उभी. आई दारात येऊन घड्याळाकडे बघत म्हणाली, "अजून सहा तास."

पेशंटच्या नातेवाइकांना सांगतात त्या आवाजात. आई नर्स आहे. पुरुषांच्या वॉर्डात तेवीस वर्षं. त्यामुळे तिला कुठल्याही पुरुषाचं आणि कुठल्याही यंत्राचं कौतुक उरलेलं नाही.

प्रकरण असं होतं. आमची गाडी माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, म्हणजे नात्याने माझी ताईच. दोन महिन्यांपूर्वी ताईला ताप येऊ लागला. सिग्नलला उभी राहिली की काटा लाल पट्ट्यात, बॉनेटमधून वाफ, आणि खाली हिरवट पाण्याचं थारोळं. आईने एकदा वाकून बघितलं आणि निदान केलं, "हिला उलट्या होतायत." दुसऱ्या दिवशी तिने गॅरेजच्या भिंतीवर वॉर्डात असतो तसा तक्ता टांगला. तारीख, वेळ, ताप, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात "उलटी एकदा", "उलटी दोनदा, वाफेसह", आणि एका मंगळवारी, जेव्हा गाडी सुरूच झाली नाही, तेव्हा "पेशंट झोपून".

मग बाबांना रेडिएटरमागच्या पंख्याची मोटर जळालेली सापडली. पंखा फिरत नव्हता म्हणून ताई उभ्याउभ्या तापत होती. साधी गोष्ट. बाबांनी नवी मोटर आणून बसवली, आणि आजार पालटला. आता ताई घरापुढे तासभर इंजिन चालू ठेवून उभी राहिली तरी काटा जागचा हलायचा नाही. रस्त्यावर धावायला लागली की मात्र चौथ्या किलोमीटरला उलटी. नेमकी पेट्रोल पंपासमोर. पंपावरच्या माणसाला इतकी सवय झाली होती, की आम्ही दिसलो की तो बादली भरायला घ्यायचा.

एरवी उभ्या गाडीपेक्षा धावती गाडी थंड राहते, कारण समोरून वारा लागतो. आमचं विचित्रच. यावर बाबांनी पुष्कळ विचार करून निष्कर्ष काढला, "हिला बाहेरचं मानवत नाही."

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत त्यांनी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटरचं झाकण बदललं, वरचा पाइप बदलला, खालचा बदलला, वॉटर पंप बदलला, आणि शेवटी काही उरलं नाही म्हणून सीट कव्हरं बदलली. गेल्या रविवारी पंपासमोर त्यांनी गरम झाकण उघडलं. उकळतं पाणी मनगटापासून कोपरापर्यंत. आईने घरी पट्टी बांधली. पट्टी बांधताना ती एक शब्द बोलली नाही. घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, की आई बडबडते आहे तोवर काळजीचं कारण नसतं.

पट्टीची गाठ मारून झाल्यावर ती म्हणाली, "पुढच्या रविवारी पाच वाजेपर्यंत ही गाडी पुलापर्यंत जाऊन परत यायला हवी. एकही उलटी न करता. आली तर राहील. नाही आली तर भंगारवाला."

"अगं, पण..."

"अहो, तोंडावर उडालं असतं तर?"

बाबा पट्टीची गाठ चाचपत राहिले. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते विनोदी होतं, म्हणून मी गप्प बसले. मग आईने मलाच भंगारवाल्याला फोन करायला लावला. फोनवर त्याने विचारलं, "गाडी चालू आहे का बंद?" मी म्हटलं, "घरात चालू, बाहेर बंद." तो म्हणाला, "आमच्या साडूसारखी." रविवार संध्याकाळ पाचची वेळ पक्की झाली.

आईचं चुकत नव्हतं. पण बाबांचं काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं काय, जाऊ दे की डबा.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. बत्तीस वर्षं. बत्तीस वर्षं दिवसातून दहा वेळा कोणीतरी कुठेतरी अडकायचं आणि बाबांना फोन करायचं. जेवताना फोन, अंघोळीत फोन. आठ महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि माणसं अडकायची थांबली. निदान बाबांना कळवायची तरी थांबली. सुरुवातीला ते नुसतेच येरझारा घालत. हॉलमधून बाल्कनी, बाल्कनीतून हॉल. मग फिरायला म्हणून बाहेर पडून अनोळखी इमारतींच्या लिफ्टमध्ये शिरू लागले. वर जायचं, खाली यायचं, दोराचा आवाज ऐकायचा. एका वॉचमनने हटकलं, "कितव्या मजल्यावर जायचंय?" बाबा म्हणाले, "कुठल्याच नाही." त्याने त्यांना दोन्ही हातांनी धरून बाहेर आणून ठेवलं.

आणि मग ताईला ताप आला. दुसऱ्याच दिवशी बाबा सहाला उठून दाढी करून, जुना खाकी शर्ट चढवून गॅरेजमध्ये हजर. अख्ख्या जगात त्यांना अजून बोलावणारी ही एकच वस्तू होती. ती पाच वाजता हुकाला लटकून जाणार होती.

म्हणून मी सकाळी अकरा वाजता, सुटीच्या दिवशी, टॉर्च धरून उभी होते. नाहीतर मला इंजिनातलं एवढंच कळतं की ते पुढे असतं.

"शहाणे, टॉर्च माझ्या डोळ्यात नको, गॅस्केटवर मार."

"गॅस्केट कुठलं?"

"जिथे माझे डोळे नाहीत ते."

बारा वाजता पहिली फेरी. उन्हाचा कडाका, काचा खाली, आणि वर हीटर पूर्ण चालू. इंजिनाची गरमी हीटरमधून गाडीत ओढून घ्यायची म्हणजे इंजिन हलकं होतं, असा बाबांचा हिशेब. तो बरोबरही आहे म्हणे. फक्त इंजिनाच्या वाटचं आपण भोगायचं. माझ्या चपला मऊ झाल्या. बाबा रस्त्याकडे न बघता काट्याकडे बघत गाडी चालवत होते, मी काट्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होते, दोघं मिळून एक ड्रायव्हर.

"निम्म्यावर आहे," बाबा म्हणाले.

"डावीकडे सायकलवाला."

"निम्म्याच्या जरा वर."

"सायकलवाला, बाबा."

"लाल. लाल. लाल!"

पेट्रोल पंप. बादलीवाला आधीच फुटपाथवर येऊन थांबला होता. "आज लवकर?" त्याने विचारलं. पाऊण तास आम्ही पंपाच्या सावलीत ताई थंड व्हायची वाट बघत बसलो. बाबा बसले नाहीत. ते हवेच्या मशीनपासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून हवेच्या मशीनपर्यंत चालत होते. पट्टीचा हात दुसऱ्या हाताने धरलेला. पूल तिथून दिसत होता. वाईट भाग तोच, की दिसत होता.

परत येताना ते एकदाच बोलले. "माझ्या लाइनीत असं कधी झालं नाही. काय बिघडलंय ते अर्ध्या तासात हाताला लागायचं. फक्त उलट्याच्या वेळी जरा वेळ लागला."

इथे उलट्याबद्दल सांगते. उलट्या हा बाबांचा जोडीदार. खरं नाव काय, देव जाणे. नवा असताना त्याने एका लिफ्टच्या मोटरच्या दोन तारा उलट्या जोडल्या. मोटरच्या तारा उलटल्या की मोटर उलटी फिरते. कंपनीचे मोठे साहेब सातव्या मजल्यावर मीटिंगला जायला निघाले आणि थेट तळघरात, कोळशाच्या पोत्यांत पोचले. त्या दिवशी बाबांनी त्याचं नाव उलट्या ठेवलं. तो एकोणतीस वर्षं बाबांबरोबर होता. एकोणतीस वर्षं उलट्या. त्याच्या लग्नाच्या पत्रिकेवर खरं नाव होतं म्हणून बाबांना ते लग्न कोणाचं तेच कळलं नाही आणि ते गेले नाहीत.

घरी आल्यावर बाबांनी गाडी नेहमीच्या जागी लावली, इंजिन चालूच ठेवलं आणि तिच्याकडे बघत उभे राहिले. काटा हळूहळू निम्म्यावर उतरला आणि तिथेच बसला. लबाड कुठली.

अडीच वाजले. बाबा जेवायला आत गेले. आई धुतलेला युनिफॉर्म घेऊन बाहेर आली आणि गाडीच्या तोंडासमोर, जाळीपासून हातभर अंतरावर दोरीला टांगला.

"हे काय?"

"वाळायला. संध्याकाळी ड्यूटी आहे."

"गाडीपुढे?"

"तीन आठवडे इथेच वाळवते मी. दहा मिनिटांत खडखडीत. काय छान गरम वारा येतो समोरून! हिच्यात तेवढा एकच गुण आहे."

आई आत गेली. युनिफॉर्मच्या दोन्ही बाह्या माझ्या दिशेने उचलल्या गेल्या होत्या, बोलावल्यासारख्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला इंजिनातलं काही कळत नाही हे मी सांगितलंच आहे. पण रेडिएटरला वारा लागतो म्हणजे बाहेरचा वारा जाळीतून आत जातो, एवढं तर बाबांनीच पन्नास वेळा सांगितलं होतं. आत. बाह्या बाहेर होत्या.

मी वर्तमानपत्राचं एक पान आणून जाळीवर धरलं. ते चिकटून बसायला हवं होतं. सोडलं, तर ते उडालं आणि गेटावर जाऊन बसलं.

पंखा उलटा फिरत होता.

गाडी उभी असली की उलटा का होईना, वारा फिरायचा, तेवढ्याने भागायचं. गाडी धावायला लागली की समोरचा वारा आत घुसायचा आणि पंखा त्याला बाहेर ढकलायचा. दोघं दारातच भांडत बसायचे आणि मध्ये ताई उकळायची. म्हणजे खरा आजार तीन आठवड्यांपूर्वीच बरा झाला होता. तेव्हापासून बाबा जे शोधत होते ते त्यांचंच काम होतं.

मी पंख्याच्या मोटरपाशी वाकले. गाडीच्या बाजूच्या दोन्ही तारा जुनाट, मातकट, एकसारख्या. त्यांच्या शेजारच्या पत्र्यावर बाबांनी बॅटरी तपासून खडूने अधिक आणि उणे लिहिलेलं. नव्या मोटरच्या तारा लाल आणि काळी. आणि काळी तार अधिकला जोडलेली, लाल उणेला. मला एकदम आठवलं. बाबांच्या कंपनीत लाल म्हणजे तळमजला आणि काळी म्हणजे गच्ची. काळी वर, लाल खाली, हे बाबा माझ्या लहानपणी मला झोपवताना म्हणायचे. उरलेल्या जगात लाल तार अधिकला, म्हणजे बाबांच्या भाषेत वर, जाते. बाबा बत्तीस वर्षं उरलेल्या जगात नव्हते.

आता मी काय करायला हवं होतं? पळत जाऊन सांगायला हवं होतं. पण सांगणार काय? बाबा, तुम्ही उलट्या?

मी इंजिन बंद केलं, दोन तारा सोडवल्या, अदलाबदल करून जोडल्या, वर टेप गुंडाळली. चार मिनिटं. बाबांना वाटेल नव्या झाकणाने गुण आला. झाकणाने काय वाईट केलंय कुणाचं?

बाबा बाहेर आले. बाबांची एक पद्धत आहे. कुठलंही यंत्र सुरू करण्याआधी प्रत्येक जोड बोटाने चाचपायचा, मग तो कालच चाचपलेला का असेना. लिफ्टखाली माणूस असतो म्हणून. ते चाचपत चाचपत पंख्यापाशी आले आणि थांबले.

"कोणी हात लावला इथे?"

मी आभाळाकडे बघितलं.

"लाल वर! कोण उलट्या येऊन गेला इथे?"

"कुणाला?" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"कुणाला नाही गं!"

आणि त्यांनी तारा परत होत्या तशा केल्या. साडेतीन.

ते पक्कड आणायला आत गेले, मी तारा बदलल्या. ते आले, चाचपल्या, स्वतःशी काहीतरी पुटपुटले, परत फिरवल्या. ते हात धुवायला गेले, मी बदलल्या. या वेळी परत आल्यावर ते खूप वेळ त्या जोडाकडे बघत राहिले. चेहरा घाबरलेला. "शहाणे," ते हळूच म्हणाले, "मी आत्ता ही काळी वर केली ना?"

"केली."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

"मग मला काहीतरी होतंय," बाबा म्हणाले आणि बंपरवर बसले. "आईला सांगू नकोस."

इथवर मला मजा येत होती हे कबूल करते. इथे थांबली. मी त्यांना लाज वाटू नये म्हणून निघाले होते आणि त्यांना स्वतःच्या डोक्याची भीती घातली होती. शिवाय सव्वाचार झाले होते.

तारा मीच बदलत होते, असं सांगून मी त्यांच्यासमोर त्या उलटवल्या, म्हणजे त्यांच्या मते सुलटवल्या, आणि इंजिन सुरू केलं. वर्तमानपत्राचं पान त्यांच्या हातात दिलं. "जाळीवर ठेवा."

त्यांनी ठेवलं. पान उडून त्यांच्या छातीवर आलं.

"वारा आहे आज."

"झाडाचं पान हलत नाहीये, बाबा."

त्यांनी झाडाकडे बघितलं. युनिफॉर्मच्या बाह्यांकडे बघितलं. मग गाडीच्या तोंडासमोर गुडघे टेकून बसले, डोळे मिटले आणि गरम वारा चेहऱ्यावर घेत राहिले. बराच वेळ. मला वाटलं झोपले.

"रेडिएटरला वारा कुठून लागतो गं?"

"समोरून."

"आणि हा कुठून येतोय?"

"ताईकडून."

ते उठले, इंजिन बंद केलं, तारांपाशी गेले. बोटाने लाल चाचपली, काळी चाचपली.

"तीन आठवडे."

"हं."

"पंप बदलला मी. चांगला पंप होता."

"सीट कव्हरं छान झाली पण."

ते हसले नाहीत. भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत मोठ्याने म्हणाले, "उलट्या!"

"आता तरी सांगा, कुणाला?" आई दारात आली. एका हातात टब, दुसऱ्या हातात मीठ-साखरेचं पाणी.

"मला," बाबा म्हणाले.

"कधीपासून?"

"तीन आठवडे."

आईने त्यांना खाली बसवलं, नाडी धरली आणि पाणी पाजलं. बाबा निमूटपणे सगळं प्यायले. ते संपेपर्यंत खुलासा करायची कोणाला हिंमत झाली नाही. खुलासा मी केला. आई ऐकत होती आणि तिची मान हळूहळू युनिफॉर्मकडे वळत होती.

"म्हणजे आता हा इथे वाळणार नाही," ती म्हणाली.

एवढ्यात भंगारवाला आला. चार चाळीस. ट्रक गेटासमोर आडवा लावून, खांद्यावर हूक टाकून आत आला. अंगाने बारीक, आणि मिशी इतकी जाड की ती कुठल्यातरी मोठ्या माणसाची काढून बसवल्यासारखी. "हीच का? काका, किल्ली द्या."

"पाच वाजले नाहीत," मी म्हटलं.

"वाजतील की. कधी राहिलेत?"

बाबा तारा जोडत होते. लाल वर. त्यांचा हात तिथपर्यंत जायचा आणि थबकायचा, परत जायचा, परत थबकायचा. शेवटी त्यांनी डोळे मिटून जोडली. मी इंजिन सुरू केलं, आईने जाळीवर पान धरलं आणि सोडलं. पान चिकटलं. असं चिकटलं की जणू छापलंच होतं तिथे.

"आता निघा," आई म्हणाली.

"एक फोन करायचाय," बाबा म्हणाले.

"अहो, पंधरा मिनिटं राहिलीत!"

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आम्हाला त्यांची एकच बाजू ऐकू येत होती.

"हॅलो. मी बोलतोय... हो, मीच... नाही नाही, सगळे बरे आहेत... तुझ्याकडे एक काम होतं... नाही, लिफ्टचं नाही... अरे, मला सांग..." इथे ते थांबले, आणि त्यांनी नखाने भिंतीचा पोपडा काढला. "तुझं खरं नाव काय?"

पलीकडच्याने सांगितलं. बाबांनी ते नाव मनातल्या मनात म्हणून बघितलं, ओठ हलले फक्त.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?... हो... हो, मी विचारलंच नाही." फोन ठेवून ते वळले. "तो म्हणतो, उलट्याच म्हणा. बायकोसुद्धा आता तेच म्हणते."

चार अठ्ठेचाळीस. पुलापर्यंत जाऊन यायला वीस मिनिटं लागतात. भंगारवाला म्हणाला, पाच म्हणजे पाच, पुढे त्याला अजून एक गाडी उचलायची होती. आई म्हणाली, पाचचा नियम माझा आहे, मी बसवला, मी वाढवते. तो म्हणाला, मग मी काय इथे झाडं मोजू? आई म्हणाली, चला बसा मागे, स्वतःच्या डोळ्यांनी बघा, उकळली तर तिथूनच घेऊन जा. त्याला ते पटलं. हूक मांडीवर घेऊन तो माझ्या शेजारी बसला. नवीन सीट कव्हर चाचपून बघितलं. "हे काढून ठेवायचं होतं," तो हळहळला.

हीटर बंद होता, तरी सगळ्यांना घाम. आई पुढे बसून मनगटावरच्या घड्याळाकडे आणि काट्याकडे आळीपाळीने बघत होती, मिनिटाला किती ते मोजत असल्यासारखी. बाबांनी या वेळी काट्याकडे बघितलंच नाही. रस्त्याकडे बघत होते, पण असं की रस्ता कधीही लाल होईल.

पहिला किलोमीटर. दुसरा. सिग्नल. भंगारवाल्याने मान पुढे घातली. "किती?"

"निम्म्यावर," आई म्हणाली.

तिसरा. "किती?"

"निम्म्यावर. मागे बसा."

पेट्रोल पंप आला. बादलीवाला फुटपाथवर उभा होता. बाबा थांबले नाहीत. मी मागच्या काचेतून बघितलं, तो बादली घेऊन आमच्यामागे धावत होता, पाणी हिंदकळत, हात वर करून. त्याला वाटलं आम्हाला दिसला नाही. बिचारा कोपऱ्यापर्यंत धावला.

पुलावर बाबांनी गाडी कडेला घेतली. काटा निम्म्यावर. खाली पाणी चकाकत होतं, आणि कोणीही, अगदी आईनेसुद्धा, टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण अजून परत जायचं होतं. परत येतानाही काटा निम्म्यावर. गेटापाशी निम्म्यावर. पाच वाजून अकरा मिनिटं. इंजिन बंद केल्यावर आम्ही चौघंही कान देऊन बसलो. ताईने एक बारीकसा टिक् केला आणि गप्प झाली.

"बरी आहे," भंगारवाला म्हणाला. त्याच्या आवाजात जरा दुःख होतं, पण त्याने ते आवरलं. उतरताना खिशातून एक घडी घातलेला कागद काढून त्याने बाबांच्या हातात दिला. "मी हिची नोंद बंद गाड्यांत टाकून ठेवली होती, काका. आता ती काढायला वाहन कार्यालयात हा फॉर्म द्यावा लागेल. नाहीतर कागदोपत्री ही मेलेली आणि तुम्ही मेलेली गाडी चालवताय." मग तो हूक घेऊन गेला. हे तुम्हाला माहीत नव्हतं.

आईने तक्त्यावर शेवटची ओळ लिहिली. "उलटी नाही. ताप नाही. डिस्चार्ज." तक्ता खिळ्यावरून काढला, कोरडा युनिफॉर्म अंगात घातला आणि ड्यूटीवर गेली. जाताना बाबांच्या पट्टीवर हात ठेवून म्हणाली, "झाली ना बरी? आता स्वस्थ बसा."

स्वस्थ. बाबांनी बॉनेट उघडलं. प्रत्येक जोड चाचपला. सगळे घट्ट. बॉनेट मिटलं. गाडीला एक फेरी मारली. टायर दाबून बघितले, चारही. परत बॉनेट उघडलं. खाकी शर्टाला हात पुसले, पण हातांना काही लागलेलंच नव्हतं. भिंतीवर तक्त्याच्या जागी नुसता खिळा होता, त्याच्याकडे बघितलं. हॉलमध्ये गेले. बाल्कनीत गेले. हॉलमध्ये आले.

"उद्या किती वाजता उठायचं?" त्यांनी मला विचारलं.

मला काही उत्तर सुचलं नाही. विनोदीसुद्धा नाही. मी तो फॉर्म उघडून टेबलावर ठेवला. "हा भरून टाकू या," मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी लिहिते."

वाहन क्रमांक, इंजिन क्रमांक, मालकाचं नाव. मग "वाहनाची सद्यस्थिती", पुढे दोन चौकोन. चालू. बंद. एकावर खूण करा.

मी चालूवर पेन टेकवलं. बाबांनी माझं मनगट धरलं.

"थांब. खाली जागा आहे का?"

"अर्जदारास आणखी काही निवेदन करावयाचे असल्यास. चार ओळी आहेत."

"लिही," ते म्हणाले. खुर्चीत ताठ बसले, घसा साफ केला, आणि मी लिहीत गेले:

"माननीय नोंदणी अधिकारी यांच्या सेवेशी. अर्जदाराचे वाहन आजमितीस पूर्णतः ठीक असून त्याबाबत अर्जदाराची तक्रार नाही. तथापि सदर वाहन ठीक राहिल्यास अर्जदारास दुसरे काम उरत नाही. सबब, सदर वाहनाची नोंद चालू अथवा बंद यांपैकी कोणत्याही रकान्यात न करता 'दुरुस्ती सुरू' असा तिसरा रकाना निर्माण करून त्यात करण्यात यावी, सदर दुरुस्ती रोज सकाळी सहा वाजता अर्जदारामार्फतच सुरू करण्याचे लेखी आदेश व्हावेत, आणि अर्जदार हयात असेपर्यंत ती पूर्ण झाल्याचे कोणत्याही कारणास्तव जाहीर करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."